एकच हमाली, दोन खाती

बी.कॉम. झाल्यावर वाशीला सेक्टर १७ मधल्या एका टॅक्स कन्सल्टंटकडे मी अकाउंट असिस्टंट म्हणून लागलो. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने जायचो. शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे 'एक्स्पेन्स' आणि 'एक्स्पेंडिचर' हे दोन्ही शब्द 'खर्च' म्हणूनच पाठ केलेले. परीक्षेत तेवढ्यावर भागलं. कामात नाही भागलं.

आमचा एक क्लायंट एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटमधला व्यापारी. त्याची व्हाउचर्स टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये मी टाकायचो: हमाली, तोलाई, टेम्पोभाडं. त्यातच एक बिल आलं. नवा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा ६०,००० रुपये, आणि तो गाळ्यात आणून बसवण्याची हमाली-टेम्पो मिळून २,०००. मी काटा 'शॉप एक्स्पेन्सेस'ला टाकला, हमाली हमालीला.

सीनिअर मॅडमनी जवळ बोलावून एवढंच विचारलं, "काटा ३१ मार्चला संपणार आहे का?"

मग त्यांनी समजावलं ते असं. पैसा गेला किंवा देणं लागलं, की ते एक्स्पेंडिचर. त्यातला जेवढा भाग या वर्षाच्या धंद्यात वापरून संपला, तेवढाच एक्स्पेन्स. कांद्याच्या गोणीची हमाली त्याच दिवशी संपते. काटा मात्र पुढची कित्येक वर्षं चालणार, म्हणून ते कॅपिटल एक्स्पेंडिचर, म्हणजे भांडवली खर्च. आणि काटा वापरण्याजोगा होईपर्यंत लागलेली हमालीसुद्धा काट्याच्याच किमतीत धरायची. म्हणजे मालमत्ता झाली ६२,००० ची. आयकराच्या हिशोबात अशा यंत्रांना एरवी १५ टक्के घसारा (वापराने घटलेली किंमत, जी त्या वर्षीचा एक्स्पेन्स धरतात), म्हणजे पहिल्या वर्षी ९,३००. पहिल्या वर्षी वापर १८० दिवसांपेक्षा कमी असेल, तर त्याच्या निम्मा.

हीच कसोटी विम्यालाही लावा. १ जानेवारीला वर्षभराचा १२,००० हप्ता भरला, तर मार्चअखेर ३,००० एक्स्पेन्स आणि ९,००० प्रीपेड, म्हणजे पुढच्या वर्षासाठी आधीच भरलेले. नव्या मुलांकडून चुकतं ते बहुतेक इथेच.

'एक्स्पेन्स' आणि 'एक्स्पेंडिचर' या दोन्ही शब्दांचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा अर्थ 'वजन करून देणे'. पूर्वी धातू तोलून देणी भागवत, त्यातून ते आले. काट्याच्या बिलावर शिकलो म्हणून मला हे फार आवडतं.

इंग्रजीत बोलताना 'स्पेंट' नंतर 'फॉर' लावू नका, 'ऑन' लावा. मराठीत आपण 'पेट्रोलवर खर्च केला' म्हणतो ना, तोच 'वर'. मुलाखतीत फरक विचारला, तर व्याख्या म्हणून दाखवण्याआधी असं एखादं बिल सांगा.

पुढे त्याच व्यापाऱ्याच्या बँकेचं पत्र आलं, त्यात 'डिस्बर्समेंट' होतं. डिक्शनरीत पाहिलं तर 'पैसे देणे'. या वेळी एंट्री टाकण्याआधी मी मॅडमना विचारलं. "मंजूर झालेलं कर्ज बँकेने प्रत्यक्ष दिलं," त्या म्हणाल्या, "खर्चाला नाही, लोन खात्याला जमा कर."