घाटात बंद पडलेली इलेक्ट्रिक मोटार नाशिकला कशी आणावी

मुंबईहून नाशिककडे येताना कसारा घाटाचा चढ बॅटरीतला चार्ज झपाट्याने संपवतो, आणि घाटात किंवा पुढे इगतपुरी-घोटीच्या टप्प्यात गाडी थांबली की मदतीला धावून येणारा पहिला माणूस बहुधा दोर काढून ‘टोचन करून नेतो’ असे म्हणतो. त्याचे आभार मानावेत, परंतु दोर लावू देऊ नये. इलेक्ट्रिक मोटारीत क्लच नसतो. मोटर चाकांशी सहसा कायमची जोडलेली असते आणि बहुतेक मोटरांच्या रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, कायमस्वरूपी चुंबक असल्यामुळे न्यूट्रलमध्ये ओढलेल्या गाडीची चाके मोटरलाही फिरवतात व ती वीज निर्माण करू लागते. ही वीज इन्व्हर्टरकडे, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणाऱ्या उपकरणाकडे, जाते, बंद गाडीत थंड ठेवणारा पंप चालत नाही, आणि अशाने मोटर व इन्व्हर्टर निकामी होऊ शकतात, प्रसंगी आगही लागू शकते. शिवाय बंद गाडीचे ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात, हे घाटातील वळणांवर फार धोक्याचे आहे.

प्रथम हॅझर्ड दिवे लावून सर्वांना कठड्याच्या सुरक्षित बाजूला उभे करावे, आणि गाडी वळणावर असेल तर त्रिकोणी फलक वळणाच्या अलीकडे, मागून येणाऱ्यांना वेळीच दिसेल असा ठेवावा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि कोठेही ११२ हे क्रमांक उपयोगी पडतात. टोइंगवाल्याशी बोलताना गाडी इलेक्ट्रिक असून चारही चाके उचलणारा फ्लॅटबेड ट्रकच हवा, हे पहिल्याच वाक्यात सांगावे. टाटा नेक्सॉनची पुढची चाके मोटर फिरवते, एमजी कॉमेटची मागची, तर दोन मोटरांच्या गाडीत चारही. त्यामुळे एक बाजू उचलणाऱ्या क्रेनवर भरवसा ठेवू नये.

ट्रक येईपर्यंतच्या वेळात बारा व्होल्टची छोटी बॅटरी जपणे सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि नेमके याकडेच दुर्लक्ष होते. मुख्य बॅटरी बंद झाल्यावर छोटीला चार्ज मिळत नाही. हॅझर्ड, एसीचा पंखा आणि डॅशबोर्डवरची स्क्रीन तासभर चालू राहिले की ती उतरते, आणि मग न्यूट्रल पडत नाही, इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकही सुटत नाही. म्हणून हॅझर्डखेरीज सर्व बंद ठेवावे आणि गाडी ट्रकवर ओढताना लागणारा टूलकिटमधील टोइंग हूक आधीच शोधून ठेवावा. छोटी बॅटरी उतरलीच, तर मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या टोकांवर दुसऱ्या बॅटरीवरून बारा व्होल्टचा जंप देता येतो. गाडी घसरू नये म्हणून चाकांना दगड लावले असतील, तर ते निघताना रस्त्यावर सोडू नयेत. रात्री दुचाकीस्वाराच्या जिवावर बेततात.

ट्रकवर चढवण्यापुरती, काही मीटर, हळू गतीने गाडी न्यूट्रलमध्ये ओढलेली चालते. ब्रेक सुटतच नसेल, तर चाकांखाली चाकांच्या ट्रॉल्या घालाव्यात. पट्टे टायरांवरून बांधावेत. तळाशी बॅटरीचे कवच असल्यामुळे तेथे साखळी किंवा जॅक लावू नये.

अपघातात तळ चेपला असेल, धूर किंवा सुसकाऱ्यासारखा आवाज येत असेल, तर उच्च दाबाच्या नारिंगी तारांना हात न लावता दूर जावे आणि ११२ ला कळवावे. अशी गाडी द्वारका किंवा पाथर्डी फाट्याच्या गजबजलेल्या गॅरेजात लावू नये. काही तासांनी, क्वचित काही दिवसांनीही बॅटरी पुन्हा पेट घेऊ शकते, म्हणून ती मोकळ्या जागेत, इमारती व इतर वाहनांपासून किमान १५ मीटर अंतरावर उभी करण्यास सांगावे.