नव्या पोरांना सेटिंग परत परत सांगायचा ताप कमी करा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आयटीआयची नवीन पोरं घेतली की सीएनसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं) सेटिंग दहादा सांगावं लागतंय आणि जरा आवाज चढला की पोरगं दुसऱ्या दिवशी गायब. त्यापेक्षा असं करा:

१. पहिल्यांदा तुम्ही करून दाखवा, पण कारणासकट. जॉमध्ये (जॉब धरणाऱ्या पकडीत) धातूची बारीक चिप राहिली की रनआउट, म्हणजे फिरताना जॉबचं डगमगणं, कसा येतो ते डायल गेज लावून दाखवा, काटा हललेला बघितला की परत सांगावं लागत नाही.
२. दुसऱ्यांदा तो करणार, बोलत बोलत, आणि शेजारच्यानं व्हिडिओ काढायचा.
३. पुढच्या नव्या पोराला तोच शिकवणार. मग बघा, कॉलर ताठ!

फक्त स्पिंडल (मशीनचा फिरता दांडा) फिरत असताना मोबाईल बंद, आणि कस्टमरचं ड्रॉइंग व्हिडिओत अजिबात येऊ द्यायचं नाही.