‘युनोने काहीच केलं नाही’ असं लिहिण्याआधी

माझ्या पहिल्या टर्म पेपरवर मॅडमनी मार्क दिलेच नव्हते. अकरा पानांत जिथे जिथे मी ‘संयुक्त राष्ट्रसंघ’ लिहिलं होतं, तिथे तिथे लाल शाईचा गोल होता आणि शेजारी एकच शब्द, ‘कोण?’ असे सतरा गोल. शेवटच्या पानावर ‘पुन्हा लिहा’. पुढचे दोन आठवडे मी तो पेपर बॅगेतून बाहेर काढला नाही.

आंतरराष्ट्रीय संघटना आणि ग्लोबल गव्हर्नन्स हा विषय ज्यांनी नुकताच घेतलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमसभेत १९३ राष्ट्रं, सुरक्षा परिषदेत पंधरा, त्यातली पाच कायम, हे तुम्हाला येतच असणार. ते पाठ होऊनही मी आपटले, म्हणून कुठे आपटले तेवढंच जरा सविस्तर सांगते. बाकीचं तुमचं तुम्ही निभावून न्याल.

पेपर रवांडातल्या १९९४ च्या नरसंहारावर होता, ज्यात तुत्सी जमातीच्या लोकांची कत्तल झाली. माझं लाडकं वाक्य असं: ‘धोक्याची पूर्वसूचना मिळूनही संयुक्त राष्ट्रसंघाने काहीच केलं नाही.’ वाचायला दणदणीत आणि तसं पाहिलं तर खोटंही नाही. पण पूर्वसूचना कुणाला मिळाली, आणि कुणी काय केलं नाही?

११ जानेवारी १९९४ ला तिथल्या शांतिसेनेचे कमांडर रोमेओ दालेर यांनी राजधानी किगालीहून न्यूयॉर्कला फॅक्स पाठवला. एका खबऱ्याने लपवलेल्या शस्त्रसाठ्यांची माहिती दिली होती. किगालीतल्या तुत्सींची नोंदणी करायला आपल्याला सांगितलंय आणि ती त्यांना मारण्यासाठीच असावी, असा त्याचा संशय होता. दालेर त्या साठ्यांवर छापा घालायच्या तयारीत होते. हा फॅक्स पोचला सचिवालयातल्या, म्हणजे युनोच्या कर्मचाऱ्यांच्या कार्यालयातल्या, शांतिरक्षण विभागाकडे. कोफी अन्नान तेव्हा त्या विभागाचे प्रमुख होते, महासचिव नव्हे (परीक्षेत हे हमखास चुकतं). उत्तर आलं की छापा घालू नका, तुम्हाला दिलेल्या अधिकारांत ते बसत नाही. माहिती रवांडाच्या राष्ट्राध्यक्षांना द्या आणि बेल्जियम, फ्रान्स, अमेरिका यांच्या राजदूतांना कळवा. सुरक्षा परिषदेपुढे तो फॅक्स ठेवलाच गेला नाही.

म्हणजे पहिल्या ‘कोण?’चं उत्तर होतं सचिवालयातले अधिकारी. पण ते असे का वागले, हे शोधायला गेलं की आणखी एक दार उघडतं. जेमतेम तीन महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर १९९३ मध्ये, सोमालियातल्या मोगादिशूत अमेरिकेचे अठरा सैनिक मारले गेले होते. त्यानंतर आफ्रिकेत नवं धाडस करायला परिषदेतले बडे देश तयार नाहीत, हे अधिकाऱ्यांना न विचारताच कळत होतं. अधिकाऱ्यांच्या कचखाऊपणामागे राजधान्यांचा कल होता.

६ एप्रिलला राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं आणि कत्तल सुरू झाली. ७ एप्रिलला शांतिसेनेतले दहा बेल्जियन सैनिक मारले गेले आणि बेल्जियमने आपली तुकडी परत बोलावली. हा निर्णय एका सरकारचा. २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने ठराव ९१२ करून सुमारे अडीच हजारांचं दल २७० वर आणायचं ठरवलं, तेही एकमताने. आता ‘कोण?’ म्हणजे परिषदेतली पंधरा राष्ट्रं. आणि त्या पंधरांत त्या वर्षी खुद्द रवांडा होता! ज्या राजवटीच्या आधाराने कत्तल चालली होती, तिचा प्रतिनिधी त्याच टेबलाशी बसून मत देत होता. हे मला कळलं तेव्हा ग्रंथालय बंद व्हायला दहा मिनिटं उरली होती आणि मी तेच पान परत परत वाचत बसले होते.

१७ मेला ठराव ९१८ आला: दल ५,५०० पर्यंत वाढवा. कागदावर सैनिक वाढले. युनोकडे स्वतःचं सैन्य नसतं, ते सदस्य राष्ट्रांनी द्यायचं असतं, आणि ते पोचेपर्यंत नरसंहार उरकलेला होता. इथे ‘कोण?’चं उत्तर म्हणजे हात वर करणारी पण सैनिक न देणारी राष्ट्रं. इंगवार कार्लसन यांच्या अध्यक्षतेखालच्या स्वतंत्र चौकशीचा अहवाल डिसेंबर १९९९ मध्ये आला, तो मुळातून वाचा. साधनं नव्हती आणि इच्छाही नव्हती, असा त्याचा एकूण सूर आहे. पण सचिवालयाचं कुठे चुकलं, परिषदेचं कुठे आणि सदस्य राष्ट्रांचं कुठे, हे त्यात वेगवेगळं मांडलंय. मी मात्र हे सगळं एकाच गोणीत कोंबून वर ‘युनो’ असं लेबल डकवलं होतं.

यात आपली मराठीही आपल्याला मदत करते, म्हणजे चुकायला मदत करते. ‘संघ’ म्हटलं की एक पक्की, एका मनाची संस्था डोळ्यांपुढे येते. शिवाय आपला तो सरकारी प्रयोग: ‘शांतिसेना कमी करण्यात आली’, ‘निर्णय घेण्यात आला’. कुणी? पत्ता नाही. मी आता कुठलाही मसुदा झाला की त्यातले सगळे ‘-ण्यात आले’ शोधते आणि प्रत्येकाला कर्ता देते. जिथे कर्ता सापडत नाही, तिथे माझा अभ्यास कच्चा असतो. दर वेळी.

यातून शहाणी झाले असं मला वाटलं, आणि पुढच्याच सत्रात विरुद्ध टोकाला जाऊन पडले. आता माझं पालुपद होतं की संघटना म्हणजे नुसती इमारत, खरे खेळाडू राष्ट्रंच. हेही तितकंच चूक. १९४८ मध्ये युनोचे मध्यस्थ फोल्के बर्नाडोट यांची जेरुसलेममध्ये हत्या झाली. त्याबद्दल संघटना स्वतःच्या नावाने भरपाई मागू शकते का, असा प्रश्न आमसभेने आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारला. १९४९ मध्ये न्यायालयाने सांगितलं, हो, तिला स्वतःचं कायदेशीर व्यक्तित्व आहे. नुसत्या इमारतीला भरपाई मागता येत नाही. किंवा शांतिरक्षण घ्या. हा शब्द युनोच्या सनदेत, म्हणजे तिच्या स्थापनेच्या करारात, कुठेच नाही. १९५६ मध्ये सुएझ कालव्यावरून झालेल्या पेचात कॅनडाचे लेस्टर पिअर्सन आणि महासचिव डाग हॅमरशोल्ड यांनी ती कल्पना काही दिवसांत उभी केली. किंवा ३० जानेवारी २०२० ला कोविडबाबत जाहीर झालेली आंतरराष्ट्रीय आणीबाणी: नियमांनुसार ती ठरवण्याचा अधिकार जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालकांचा. ते तज्ज्ञ समितीचा सल्ला घेतात, पण निर्णय त्यांचा.

तेव्हा कधी कर्ता राष्ट्र असतं, कधी एखादं कार्यालय, कधी एकटा माणूस. आधीपासून ठरवून टाकू नका. प्रत्येक प्रकरणात नव्याने शोधा. हे कंटाळवाणं आहे, मला माहितीये.

शोधायचं कसं, तर ठरावाचं बातमीतलं वर्णन वाचून थांबू नका. ठराव काढा, मतदान बघा आणि त्या बैठकीचा शब्दशः वृत्तांत वाचा. युनोच्या डिजिटल लायब्ररीत हे सगळं फुकट आहे. सुरक्षा परिषदेच्या वृत्तांताचा क्रमांक ‘एस/पीव्ही’ने सुरू होतो. मार्च २०११ चा लिबियावरचा ठराव १९७३ (नागरिकांच्या रक्षणासाठी बळ वापरायची मुभा देणारा) सरावाला चांगला. दहा बाजूने, विरोधात कुणी नाही, पाच तटस्थ: ब्राझील, चीन, जर्मनी, भारत, रशिया. या पाचांतल्या दोघांकडे नकाराधिकार होता, तरी त्यांनी तो वापरला नाही. का, हे ते त्याच बैठकीत आपल्या तोंडाने सांगतात. पुढे लिबियात जे घडलं (नाटोचे हवाई हल्ले आणि गद्दाफींची सत्ता उलथणं) त्यावरून हेच देश इतके का भडकले, हेही तिथेच उमगायला लागतं. (कायम सदस्य तटस्थ राहिला तर ठराव पडत नाही. सनदेच्या २७ व्या कलमातून हे सरळ निघत नाही, प्रथेने आलंय. १९७१ च्या नामिबियावरच्या सल्लामतात न्यायालयाने त्यावर शिक्का मारला. मी एकदा याचं उलट लिहून आलेय, म्हणून कंसात का होईना, सांगते.)

क्रियापदांकडे लक्ष असू द्या. परिषद ‘ठरवते’ की ‘आवाहन करते’ की ‘आग्रह करते’, यावर सगळं अवलंबून असतं. आमसभेच्या भाषेत एखाद्या अहवालाची ‘नोंद घेणं’ म्हणजे मान्यताही नाही आणि नापसंतीही नाही. खुद्द आमसभेनेच २००१ मध्ये तसं स्पष्ट केलंय. मी मात्र ‘आमसभेने नोंद घेतली, म्हणजे पाठिंबा दिला’ असं बिनदिक्कत लिहायची.

पहिला वृत्तांत वाचायला मला अख्खी दुपार लागली होती आणि शेवटी हाती काहीच लागलं नव्हतं. तुमचंही तसंच होईल. पाचव्या-सहाव्यानंतर आपोआप कळतं की आभार आणि अभिनंदन वगळून नेमकं कुठून वाचायचं. त्यामुळे पहिल्या दोन महिन्यांत ‘मला हे जमणार नाही’ असं वाटलं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

आता थोडी माझी मतं, पटली तर घ्या. सीनिअरच्या नोट्स घेऊ नका. वाईट असतात म्हणून नव्हे, त्यातले कर्ते आधीच गाळलेले असतात म्हणून. मॉडेल यूएनमध्ये (विद्यार्थी देशांचे प्रतिनिधी बनून युनोच्या बैठकांची नक्कल करतात, ती) जरूर जा, चारचौघांत बोलायची भीड चेपते. पण तिथे राजधानीतून सूचना येत नाहीत, तुमच्या बोलण्याने कुणाचा निधी अडत नाही, आणि दोन दिवसांत सगळे एका ठरावावर येतात. ते खरं धरून पेपर लिहायला बसलात तर माझ्यासारखी गत होईल. मार्गदर्शक निवडताना ‘छान झालंय’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. माजी राजदूत शिकवायला आले तर एकही तास चुकवू नका, किस्से अफलातून असतात. फक्त किस्सा सांगणारा कुठल्या खुर्चीत बसला होता, हे वहीच्या कडेला लिहून ठेवा.

नोकरीबद्दल सगळे विचारतात, म्हणून कडू ते आधी सांगते. युनो सचिवालयाची इंटर्नशिप बिनपगारी आहे आणि न्यूयॉर्क किंवा जिनिव्हात राहण्याचा खर्च तुमचा. काही संलग्न संस्था विद्यावेतन देतात, त्या आधी बघा. यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅमला (सचिवालयाच्या तरुणांसाठीच्या भरतीला) बत्तीस वर्षांची वयोमर्यादा आहे आणि तुमचा देश त्या वर्षीच्या यादीत असावा लागतो. २०२५ पासून पैशांच्या चणचणीमुळे सचिवालयात पदं कमी करायचं चाललंय. फक्त तिथल्याच नोकरीसाठी हा विषय घेतला असेल तर आजच दुसरा रस्ताही आखून ठेवा. पण घाबरून विषय सोडू नका. कागद वाचून त्यात कोण बोलतंय आणि कोण गप्प आहे हे सांगणारी माणसं मंत्रालयांना, वृत्तसंस्थांना, स्वयंसेवी संस्थांना लागतातच. फ्रेंच शिका, सचिवालयाच्या कामकाजाच्या दोन भाषांपैकी ती एक आहे. मी ‘पुढच्या वर्षी शिकू’ म्हणत तीन वर्षं घालवली.

तो पेपर मी शेवटी पुन्हा लिहिला. सतराच्या सतरा गोल निस्तरले, प्रत्येक वाक्याला कर्ता दिला, तारखा तपासल्या. या वेळी मार्क मिळाले, बऱ्यापैकी मिळाले. संपूर्ण पेपरात लाल गोल एकच होता, अगदी शेवटच्या परिच्छेदात. मी लिहिलं होतं, ‘आंतरराष्ट्रीय समुदायाने यातून धडा घ्यायला हवा.’ बाजूला मॅडमचं तेच अक्षर: ‘हे कोण?’