"बघू की" म्हणजे हो का नाही, कसं ओळखायचं

आमच्या साताऱ्याकडं तोंडावर सरळ "नाही" कोण म्हणत नाय, "बघू की" म्हणतात. मग त्या "बघू की"चा अर्थ काढायचा कसा?

आधी एक, बोलण्याचा अर्थ ५५ टक्के देहबोलीतनं, ३८ टक्के आवाजातनं आणि शब्दांतनं फक्त ७ टक्के कळतो, हे सगळीकडं सांगितलं जाणारं गणित डोक्यातनं काढून टाका. मानसशास्त्रज्ञ मेहराबियान यांच्या १९६७ च्या प्रयोगांवरनं ते आलंय, आणि ते प्रयोग होते आवडनिवड, राग-लोभ असल्या भावनांपुरते. सगळ्या बोलण्याला लागू असतं तर फोनवर म्हैस व्यायल्याचं सुद्धा कळलं नसतं.

खरं काम म्हंजे माणूस एरवी कसा असतो ते बघून ठेवणं. माझे थोरले चुलते कायम हाताची घडी घालून बसतात, लग्नात पण, मयतीत पण. त्याचा अर्थ शून्य. पण एकदा वाटणीचा विषय निघाला आणि त्यांनी घडी सोडून मांडीवरचं धोतर चिमटीत धरलं, तेव्हा आजीनं लगेच विषय बदलला. बदल झाला की लक्ष द्यायचं, नुसत्या घडीकडं बघून काय कळत नाय.

चहाचं घ्या. पाहुणा "नको नको" म्हणतोय पण चप्पल काढून पाठ टेकून बसलाय, तर आधण ठेवा. उंबऱ्यात उभा आहे, गाडीची किल्ली हातात आणि पाय रस्त्याकडं, तर खरंच नकोय, उगं हात धरून ओढू नका.

हसण्याचं सोपंय, डोळ्यांच्या कडा बघा. फ्रान्सच्या डॉक्टर डुशेन यांनी १८६२ लाच मांडलंय की मनातनं हसताना डोळ्यांभोवतीचा स्नायू पण आवळतो. तरी काहीजण तेवढं पण जमवतात, त्यामुळं एकट्या हसण्यावर सोयरीक ठरवू नका.

सगळ्यात अवघड बैलबाजार. पुसेगावच्या यात्रेत जुने हेडे, म्हंजे बैलांचे दलाल, टॉवेलखाली बोटं दाबून भाव करायचे, चेहरा दगडासारखा. तिथं गिऱ्हाइकाचा मोकळा हात बघायचा. दात बघून झाले, चालवून झालं, "महाग हाय" म्हणून पण झालं, आणि तरी हात बैलाच्या वशिंडावरनं फिरतोयच, तर त्यानं बैल मनातनं कधीच घरी नेलाय. मी असाच हात फिरवत उभा होतो, हेड्यानं तो बघितला आणि एक रुपया कमी केला नाय.