गणपतीआधी, घरात तान्हं असेल तर

मखराचं नंतर बघता येतं, करंज्याही शेवटच्या आठवड्यातल्या. पण घरात दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर त्याची तयारी आषाढातच काढावी. आपल्याकडे कोकणात आरएसव्ही (तान्ह्यांची छाती भरवणारा विषाणू) आणि फ्लू पावसाळ्यात जोर धरतात, आणि चाकरमानी गाड्या भरभरून येतात तेही त्याच दिवसांत. मोठ्यांचं नुसतं नाक गळतं, तान्ह्याच्या तेच छातीत उतरतं.

फ्लूची लस सहा महिन्यांपासून देता येते. पहिल्या वेळी चार आठवड्यांच्या अंतराने २ डोस लागतात, म्हणून आत्ताच विचारा. त्याहून लहान बाळ असेल तर घरातल्या मोठ्यांनी घ्यावी. आरएसव्हीला मात्र ही लस लागू नाही.

डब्यात थर्मामीटर, नाकात घालायचे सलाइनचे थेंब आणि वजन बघून डॉक्टरांनी लिहून दिलेलं पॅरासिटामॉल ठेवा. पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स त्याच्याच सिरपपेक्षा कितीतरी तीव्र असतात, एकाचं माप दुसऱ्याला लावू नका. गेल्या वर्षीची खोकल्याची बाटली फेका. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये कळवलं आहे. वर्षाच्या आत मधाचं बोटही नको.

ओव्याच्या धुरीवरून आणि बाळाच्या नाकात तेल घालण्यावरून माझं आणि सासूबाईंचं चांगलंच वाजलं होतं. शेवटी तेल अंगापुरतं राहिलं, नाकात घालणं बंद झालं आणि शेगडी मागच्या पडवीत गेली.

श्वास मोजायला मात्र बाळ बरं असतानाच शिका. शांत झोपलेलं असताना पोटावरचं दुपटं बाजूला करा आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त भरले तर डॉक्टर गाठा. आजार बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी वाढतो, तेव्हा पहिल्या दिवसाच्या हसण्यावर जाऊ नका. बरगड्यांखाली खड्डा पडतोय, बाळ कण्हतंय, ओठ निळसर दिसतात, दूध ओढत नाही, लंगोट कोरडे राहतात, यातलं काहीही दिसलं तर मोजत न बसता निघा. दोन महिन्यांच्या आतल्याला नुसता ताप आला तरी निघा.

निघायचं कुठून, हेही आधीच ठरवा. जगबुडी किंवा वाशिष्ठी नदी चढली की कोणता रस्ता बंद होतो, वरून कसं जायचं, रात्री कोणाची रिक्षा मिळते, ऑक्सिजन आणि बालरोगतज्ज्ञ असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, १०८ वाल्यांना घराची खूण काय सांगायची, हे सगळं लिहून दारामागे चिकटवा. फोनला रेंज अंगणात कुठे येते तेही लिहा.

ओटीवर साबण आणि पाण्याची कळशी ठेवा. ‘आधी हात धुवा, मुके घेऊ नका’ हे सांगायचं काम सुनेवर टाकू नये, तिचं कोणी ऐकत नाही. आमच्याकडे ते आजेसासऱ्यांनी घेतलं. भजनाच्या रात्री खोकत आलेल्या सख्ख्या भाच्याला त्यांनी चहा दिला, करंजी दिली, पण पडवीतच.