हॉटेलात गाणी लावण्यापूर्वीची तयारी

नवे हॉटेल उघडण्याआधी, किंवा चालू हॉटेलात ३१ डिसेंबरच्या कार्यक्रमाची जाहिरात करण्याआधी, मालकाने निदान महिनाभर अगोदर आपल्या जागेत गाणी कुठून कुठून वाजतात याची नोंद करावी. गल्ल्यामागचा ब्लूटूथ स्पीकर, भिंतीवरचा टीव्ही, शनिवारी पेटी घेऊन येणारा गायक आणि वर्षातून एकदा बोलावलेला डीजे हे सगळे त्या नोंदीत यावे, आणि शेजारी बसण्याच्या जागा व क्षेत्रफळ लिहावे, कारण हॉटेलात गाणी वाजवण्यासाठी त्यांच्या हक्कदारांकडून घ्याव्या लागणाऱ्या परवान्याचे दर बहुधा अशाच आकड्यांवरून ठरतात. मोबाइलवरच्या अ‍ॅपचे महिन्याचे पैसे भरले की काम झाले, असा समज सर्रास आढळतो; पण ते सदस्यत्व सहसा व्यक्तिगत ऐकण्यापुरतेच असते आणि अटी उघडून वाचल्या तर तसे लिहिलेलेही सापडते.

यापुढचे काम किचकट आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात गाण्याचे शब्द, त्याची चाल आणि त्याचे ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे धरले आहेत. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५मध्ये निवर्तले, त्यामुळे ‘संगीत सौभद्र’मधले त्यांचे पद शनिवारच्या गायकाने म्हटले तर शब्दांसाठी कोणाची परवानगी लागत नाही; मात्र त्याच पदाचे दहा वर्षांपूर्वी निघालेले ध्वनिमुद्रण स्पीकरवर लावले, तर त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकत असल्याने परवाना घ्यावा लागतो. शब्द आणि चालींसाठी आयपीआरएस ही संस्था परवाने देते, तर ध्वनिमुद्रणांसाठी पीपीएल, नोव्हेक्स, आरएमपीएल यांच्याकडे जावे लागते, आणि त्यांपैकी प्रत्येकाकडे गाणी काढणाऱ्या वेगवेगळ्या कंपन्यांची गाणी असतात. एकाची पावती दुसऱ्यापुढे चालत नाही. म्हणून आपल्याकडे प्रत्यक्षात कोणत्या कंपन्यांची गाणी वाजतात हे आठवडाभर टिपून ठेवावे. जी वाजतच नाहीत त्यांचे पैसे का भरायचे?

यांपैकी कोणाकडून पैशांच्या मागणीचे पत्र आले की घाबरून लगेच पैसे पाठवू नयेत, आणि पत्र टोपलीतही टाकू नये. पत्र पाठवणाऱ्याकडे हक्क कसे आले याचे कागद, गाण्यांची किंवा कंपन्यांची यादी, दरपत्रक आणि परवान्याची मुदत लेखी मागावी. ‘तुमची कॉपीराइट संस्था म्हणून नोंदणी नाही, तेव्हा पैसे देणार नाही’ असे उत्तर वकिलाला विचारल्याशिवाय देणे धोक्याचे आहे: हक्क विकत घेतलेली कंपनी अशा नोंदणीशिवायही परवाना देऊ शकते असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४मध्ये म्हटले, एप्रिल २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वेगळे मत दिले आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. विनापरवाना वापराबद्दल कलम ६३खाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे, हे उत्तराचा मसुदा करताना ध्यानात असावे.

लग्नाचा हॉल भाड्याने देणाऱ्यांनी एक गोष्ट निराळी पाहावी. धार्मिक विधी, वरात आणि लग्नाशी निगडित समारंभ यांना कलम ५२मध्ये सवलत आहे. पण तिची व्याप्ती सांगणारे गोवा सरकारचे जानेवारी २०२४चे परिपत्रक उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केले, तेव्हा त्याची झेरॉक्स दाखवून कोणाचे समाधान होणार नाही. कंपनीच्या वार्षिक मेजवानीला तर ही सवलत लागूच नाही, मग हॉल तोच असला तरी.

पावती हाती आली की तिच्यावरचा पत्ता तपासावा. माझ्या ओळखीच्या एका मालकाने दोन शाखांसाठी पैसे भरले आणि दोन्ही पावत्यांवर जुन्याच शाखेचा पत्ता आला. दुरुस्तीला तीन आठवडे गेले. ध्वनिक्षेपकाची परवानगी आणि रात्री दहाची मर्यादा हा पूर्णपणे वेगळा विषय असून त्याचे कागद वेगळ्या फायलीत ठेवावेत. डीजेशी करार करताना परवाना कोण घेणार हे त्यात नाव घालून लिहावे, आणि सगळ्या परवान्यांच्या प्रती गल्ल्याच्या खणात ठेवून त्या रात्री काउंटरवर बसणाऱ्याला तो खण दाखवून ठेवावा.