बाळ पीत नाही? मग आधी त्याला चोळणं थांबवा

मी आधी प्रसूती वॉर्डात नर्स होते, आता अकरा वर्षं झाली, बाळंतिणींच्या घरी जाऊन अंगावर पाजायला मदत करते. फोन बहुतेक संध्याकाळी सातनंतर येतो आणि सुरुवात ठरलेली असते, "ताई, बाळ धरतच नाही, मालिशवाल्या मावशी म्हणतात मान आखडलीये, आणि मी एक रील बघितलं त्यात बोट तोंडात घालून वर दाबतात, करू का?" नका करू. मी येईपर्यंत कोणीच काही करू नका, बाळाला आईच्या छातीवर ठेवा आणि बसा. पण बसून राहणं कोणालाच जमत नाही, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे पीत नाही ना, मग मालिश वाढवा. मागे एका घरी गेले होते, बाळ सोळा दिवसांचं, डोक्याला व्हॅक्यूमचा कप लावून ओढून काढलेलं. जन्माचं वजन २.९ किलो आणि त्या दिवशी भरलं २.७. पहिल्या तीन-चार दिवसांत वजन थोडं उतरतंच, सात टक्क्यांपर्यंत तर मीही घाबरत नाही, पण दोन आठवड्यांत ते परत जन्माच्या वजनावर यायला हवं. हे बाळ डावीकडे कसंबसं प्यायचं आणि उजवीकडे नेलं की किंचाळायचं. आजींचं निदान तयार होतं, उजव्या बाजूचं दूध कडू झालंय. ती उजवी बाजू दगडासारखी झालेली, आई दुखण्याने रडतेय, आणि मावशी दिवसातून दोनदा येऊन हनुवटी धरून मान डावीकडे मोडतायत, कारण "आखडलीये". त्यानंतर गरम पाणी, धुरी, शेक, घट्ट दुपटं, आणि बाळ चार-चार तास गाढ. घरचे खूश, काय मस्त झोपलंय! अहो ते झोपलं नव्हतं, दमलं होतं. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा प्यायला हवं त्या वयात, इथे मोजून सहा वेळा होत होतं.

मी काय केलं तर खरं सांगायचं म्हणजे पहिला अर्धा तास काहीच नाही. दुपटं सोडलं, बाळाला फक्त लंगोटावर ठेवलं, आईला तीन उशा लावून मागे रेलून बसवलं आणि बाळ तिच्या उघड्या छातीवर पालथं, वरून गोधडी. आजी दारातून दोनदा डोकावून गेल्या. मी नुसती बघत होते, डोकं कुठे वळतंय, कुठला कान चपटा झालाय. बाळ सतत उजवीकडेच बघायचं. आता हे नीट वाचा, कारण "एकाच बाजूने पितं"चं कोडं बऱ्याचदा इथेच सुटतं. डाव्या बाजूला नेहमीसारखं मांडीवर आडवं घेतलं की बाळाला मान उजवीकडे वळवावी लागते, ती त्याला सोपी. उजव्या बाजूला घेतलं की मान डावीकडे वळवायची, आणि तिकडे त्याला दुखतंय. दूध कडू वगैरे काही नाही. मग डावीकडे दोन मिनिटं पाजलं आणि बाळाला न वळवता तसंच सरकवत उजव्या बाजूला आणलं, पाय आईच्या उजव्या काखेतून मागे. बाळाला कळलंसुद्धा नाही बाजू बदलली ते. गिळल्याचा आवाज यायला लागला तेव्हा आई एकदम गप्पच झाली.

आठवड्याने वजन २.९ भरलं. पण मान त्याने बरी झाली नाही हां, मी काही जादूगार नाही. बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, मानेच्या स्नायूत बारीक गाठ निघाली, पुढे फिजिओथेरपिस्टने शिकवलेले हलके व्यायाम जवळपास तीन महिने चालले. मान ताणायचीच असेल तर ती तपासून, शिकवून. अंदाजाने नाही.

आता "बॉडीवर्क" म्हणून जे नवीन आलंय त्याबद्दल. क्रेनिओसॅक्रल, ऑस्टिओपॅथी, म्हणजे डोकं, पाठ, सांधे हाताने हलके दाबून करायचे उपचार, वीकेंडला ऑनलाइन कोर्स केला की सर्टिफिकेट. त्याने लॅच, म्हणजे बाळाचं छाती धरणं, सुधारतं याचा पुरावा अजून तोकडा आहे, आणि जी बाई तीन सेशनची गॅरंटी देते तिच्यापासून लांब राहा. हलक्या स्पर्शाने बाळ शांत होतं, हे मात्र मी रोज बघते. माझा हात कसा, तर फुगलेल्या पुरीवर ठेवला तरी पुरी बसणार नाही इतका. पाठीवर, खांद्यावर, जबड्याच्या बाजूला, बास. बाळाने तोंड वेंगाडलं, बोटं फाकवली, मान फिरवली की हात काढायचा. रडेपर्यंत थांबायचं नाही. पाजल्यावर लगेच मालिश नको, ओकतं, आणि भुकेल्या बाळाला तर नकोच.

दुसरी चूक लिहितानाही राग येतो. बाळाची छाती पिळणं. आईच्या हार्मोन्समुळे नवजात बाळाची छाती थोडी सुजते, मुलगा असो की मुलगी, कधी थेंबभर दूधही येतं. काही आठवड्यांत आपोआप जातं. पण आपल्याकडे "ते काढलं नाही तर गाठ होते" म्हणून पिळतात. मी वॉर्डात असताना बारा दिवसांची मुलगी आली होती, एक बाजू लाल, गरम, लिंबाएवढी. पू झाला होता, चिरा द्यावा लागला, सलाइनमधून अँटिबायोटिक, आणि त्या सगळ्यात तिचं पिणं सुटलं ते वेगळंच. पिळणारी बाई वाईट नव्हती, तिने चाळीस वर्षं हेच केलं होतं. म्हणून मी आता मावशींना हाकलून देत नाही, शेजारी बसवते आणि त्यांचा हात माझ्या हातावर ठेवून दाब दाखवते. काही ऐकतात.

बाकीच्या पटापट. डोकं मागून दाबून छातीवर ढकलू नका, बाळ उलट मागे रेटतं आणि मग "छाती नको म्हणतंय" असा अर्थ निघतो. मानेच्या मुळाशी हात, डोकं मोकळं. नाक दाबेल म्हणून दोन बोटांच्या कात्रीत छाती धरू नका, हनुवटी आत रुतली की नाक आपोआप सुटतं. निपल नाकासमोर ठेवा, मोठा आ होईपर्यंत थांबा, नुसतं निपल तोंडात गेलं तर दुखणारच, काळा भाग वरून जास्त दिसायला हवा, खालून कमी. रडणं ही भुकेची शेवटची खूण आहे, हात तोंडाकडे गेला तेव्हाच उचला. मध, घुटी, पाणी काही नको. नाकात-कानात तेल नको, धुरी तर अजिबातच नको.

टंग टाय! हल्ली प्रत्येक दुसऱ्या फोनवर. जिभेखालची दोरी दिसते म्हणून कापायची नसते, जीभ काम करत नाही आणि धरणं सुधारूनही जमत नाही तेव्हा कापायचा विचार. आधी पोझिशन बदला. कापायला पाच मिनिटं लागतात आणि पोझिशन शिकायला चार दिवस, म्हणून लोकांना कापणं आवडतं.

आणि डबा, म्हणजे पावडरचं दूध. दुसऱ्या दिवशी "दूध आलं नाही" म्हणून बाटली. अहो पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभरही पुरतं, चीक येतोच तेवढा, भरून दूध यायला दोन ते पाच दिवस लागतात. डब्याची जाहिरात आणि फुकट सॅम्पल १९९२ च्या कायद्याने बंद आहेत, तरी बॅगेतून डबा निघतोच. खरंच वरून द्यायची वेळ आली तर आधी हाताने काढलेलं स्वतःचं दूध, वाटी-चमच्याने. ते पुरत नसेल तर डॉक्टरांना मिल्क बँकेचं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेल्या दुधाचं विचारा, मुंबईत सायनच्या हॉस्पिटलात ती १९८९ पासून आहे, आता इतर शहरांतही आहेत. आणि डॉक्टरांनी वजन बघून फॉर्म्युला, म्हणजे डब्याचं दूध, सांगितलं तर द्या, उपाशी ठेवून कोणी लॅच शिकत नाही.

मला फोन न करता सरळ दवाखाना कधी, तेही लिहून ठेवते: पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहापेक्षा कमी वेळा शू, प्यायला उठवूनही उठत नाही, ताप १००.४ किंवा वर, पिवळेपणा तळपायापर्यंत, हिरवी उलटी. यातलं एकही असेल तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघा, आणि जाताना बाळाला दुपट्यात घट्ट नको, आईच्या छातीशी.